बोगद्याच्या तोंडाशी

प्रिय टिटवे,

तीन दिवस फोन बंद करून बसली आहेस, म्हणून हे पत्र. कागदाला बंद करायचं बटण नसतं. शिवाय फोनवर तू रडतेस, मी ओरडते आणि तुझा बाप मध्येच "आई, बीपी, बीपी" करत बसतो. पत्रात मी एकटीच बोलते, ते मला सोयीचं पडतं.

आधी माझा राग ऐकून घे, मग तुझं बघू. कॉलेजांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत आपली टिटवी टीव्हीवर दिसणार म्हणून शनिवारी मी साडेसहालाच जेवून, चष्मा पुसून तयार. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको स्वतःच्या खुर्च्या घेऊन आले. आणि पाहिलं काय? पाऊण तासाच्या कार्यक्रमात धावणं जेमतेम नऊ मिनिटं. बाकी सगळा तो निवेदक! खिडकीच्या पडद्याचा कोट शिवलेला. पोरगी दोरीला लोंबकळत्येय आणि हा खालून विचारतो, "कसं वाटतंय?" अरे, लोंबकळल्यासारखं वाटतंय, दुसरं काय वाटणार! माझ्या वर्गात असता तर तासभर बाकावर उभा केला असता.

तू मात्र छान धावत होतीस. हलता पूल पार केलास, त्या फिरत्या पिंपावरून गेलीस, जाळ्यावर तर माकडानं तुझी शिकवणी लावावी. आणि मग तो निळा बोगदा. दोन्ही संघांच्या वाटा तिथे एक होतात आणि आत एका वेळी एकच माणूस मावतं. तू आणि ती पिवळ्या टी-शर्टवाली एकदमच पोचलात. खरं सांगायचं तर तू अर्धं पाऊल पुढे होतीस. आणि तू थांबलीस. दवाखान्याच्या दारात एखाद्या म्हातारीला वाट द्यावी तसा हात पुढे करून चक्क म्हणालीस, "तुम्ही आधी." ती कसली थांबते! उंदरासारखी आत घुसली. तीन सेकंदांनी फेरी हरलात.

त्या कोटवाल्यानं ते चार वेळा दाखवलं, मागे पिपाणी वाजवून. काल औषधं आणायला गेले तर दुकानदारानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "आजी, ही तुमचीच ना?" म्हटलं, माझीच आहे, गोळ्या दे. तुझा बाप म्हणतो, "हे सगळे तुझे कॉन्व्हेंटचे नखरे, आई. दारात थांब, सॉरी म्हण, थँक्यू म्हण. बरं झालं, बोगद्याचे आभार मानायला बसली नाही." मी फोन आपटला. डॉक्टरीणबाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "काय हो संस्कार!" त्याचा मला तुझ्या बापापेक्षा जास्त राग आला. त्यांना दुसरा कप चहा विचारला नाही.

हो, मीच शिकवलं तुला. आमच्या सिस्टर हातात पट्टी घेऊन दारात उभ्या राहायच्या. दुसऱ्याला आधी जाऊ दिलं नाही की पट्टी पोटरीवर. तेच मी पुढे चौतीस वर्षं भूमितीबरोबर शिकवलं. तू तर इतकी गुणाची, की चार वर्षांची असताना मांजराला आधी आत जाऊ द्यायचं म्हणून फ्रिजचं दार उघडं धरून उभी होतीस. सगळं दूध नासलं.

तुमची कॅप्टन, ती गोळाफेकवाली, काल तिचा मला फोन आला. म्हणे, "आजी, तिनं संघातून नाव काढायला सांगितलंय. राखीव मुलीला घ्या म्हणते. राखीव मुलगी सरावात सुद्धा जाळ्यात अडकते हो, तिला कात्रीनं सोडवावी लागते! रविवारी दुसरी फेरी आहे. दोन्ही फेऱ्यांची वेळ मिळून निकाल लागतो, तीन सेकंद भरून निघतील. तुम्ही सांगा ना तिला." ती तुझ्यावर चिडली आहे, खोटं कशाला बोलू. पण चिडूनसुद्धा तिला तूच हवी आहेस. अशी माणसं आयुष्यात फार भेटत नाहीत, तेवढं लक्षात ठेव. मग तू फोन बंद करायच्या आधी पाठवलेला निरोप तिनं वाचून दाखवला. "मी आजीसारखी आहे. मला लोकांना मागे सारून पुढे जाता येत नाही." ते वाक्य मी तिला दोनदा वाचायला लावलं.

चौथीत असताना तू माझ्यावर निबंध लिहिला होतास. 'माझ्या आजीने मुख्याध्यापिकेची खुर्ची दुसऱ्या बाईंना दिली.' बक्षीस मिळालं. तुझ्या आजोबांनी तो चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवला. मी पाण्याचे पेले घेऊन यायचे आणि नम्रपणे हसायचे. ते गेले तरी मी तो उतरवला नाही.

आज सकाळी डॉक्टरांच्या मोबाइलवर तुझा तो बोगदा मी अकरा वेळा पाहिला. पिपाणीचा आवाज बंद करून. टिटवे, हात पुढे यायच्या आधी तुझा पाय मागे आला. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं, कारण माझाही तस्साच आला होता. मुख्याध्यापिका निवडणाऱ्या समितीच्या खोलीबाहेर दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी, दुसरीवर शिवणकामाच्या बाई. दार उघडून शिपाई म्हणाला, "चला, आधी कोण?" नाव माझं पहिलं होतं, नोकरी माझी सहा वर्षांनी जास्त. आणि मला दिसायला लागली रोज सकाळची प्रार्थना, आठशे मुली, आणि व्यासपीठावर एकटी मी. मी म्हटलं, "तुम्ही आधी." त्या आत गेल्या आणि मी जिना उतरून घरी आले. घरी सांगितलं, त्यांना जास्त गरज होती. त्या बाई अठरा वर्षं मुख्याध्यापिका होत्या आणि अठरा वर्षं मी त्यांच्या प्रत्येक सूचनेत चुका काढल्या. खुर्ची दिली-बिली काही नाही गं. घाबरले, आणि त्यावर सभ्यपणाचा अभ्रा चढवला. हे तुझ्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. घाबरलीस त्याबद्दल मी रागावलेली नाही, घाबरतात माणसं. पण माझ्या नावावर नको घाबरूस. रविवारी पाय मागे आला तर येऊ दे, आणि मग उचलून आत टाक. कॅप्टनला मी सांगून टाकलंय, तू येतेस. डॉक्टरांनी दोन पास मिळवलेत, त्यामुळे मीही येतेय. चौकट सकाळी स्टुलावर चढून उतरवली, तुझ्या बापाला सांगू नकोस. भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय. तो बघत बसायची मला सवय होईल.

तुझीच,
निबंधातली नव्हे, खरी
आजी