आईच्या नावाची ओळ

बुधवार, १८ एप्रिल २००७, कामतघर

परवा मामाच्या सुरेखाची हळद आहे आणि धवले, आमची लग्नविधीची गाणी, मी गायचे आहेत. हो का म्हटलं मी? शाळेतसुद्धा कधी चारचौघांत गायले नाही.

दुपारी मामी येऊन गेली. म्हणाली, "तुझी आय आख्ख्या गावाची धवलारीन. तिच्याच भाचीच्या हळदीला मी कॅसेट वाजवू? लोक तोंडात शेण घालतील गं बाय."

धवल्यात देवांना बोलावून झालं की घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं बोलवायचं असतं. यंदा त्यात आईचं नाव आलं. तिथेच माझा आवाज बसतो.

गेल्या वर्षी अर्धांगानं आईची जीभ जड झाली, तरी ती रोज तांदळाची थाळी घेऊन बसायची. ओळ नीट आली की एक दाणा बाजूला. चुकली की सगळे दाणे परत थाळीत आणि पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा म्हटलं, "पुरे गं आई, कोण ऐकतंय आता?" तिनं दाणे तेवढे थाळीत ओतले. का बोलले मी तसं?

आज तीच थाळी काढली. सहा वेळा तिच्या नावापाशी अडले, सहा वेळा दाणे परत ओतले. सातव्यांदा नाव तोंडातून निघालं. आवाज चिरकला, पण ओळ पुरी झाली. बाजूला ठेवायला दाणा उचलला आणि हात थांबला. ही नीट आली म्हणायची? आईनं मानली नसती.

सगळे दाणे थाळीत टाकले. पुन्हा पहिल्यापासून.