आमच्या लाइनीवरचं लोकमत

३ ऑक्टोबर १९६१, मंगळवार
मिनिॲपोलिसहून पत्र. जनमत घेणाऱ्या एका कंपनीने आमचं घर निवडलं आहे. महिनाभरात कधीही फोन येईल, घरातल्या बाईने उत्तरं द्यावीत. घरातली बाई म्हणजे मी. हे म्हणाले, "चिठ्ठ्या टाकून काढतात गं." असेल. पण चिठ्ठी कोणाच्या मर्जीने निघते, हे बायबल वाचणाराला सांगावं लागत नाही.

प्रश्न देशाच्या रक्षणाचा आहे. वायुदलाला क्षेपणास्त्र पुरायला जागा हवी, आणि त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं सॉलवेगच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, ओढ्याकाठच्या कुरणावर. विधवा बाई. गाईंवर घर चालतं आणि दुसरं कुरण नाही. खासदार टॉरकेल्सन यांनी जाहीर केलं आहे, लोकमत जिकडे तिकडे मी.

संध्याकाळी सॉलवेग साय घेऊन आली. "वहिनी, सगळ्या जिल्ह्यात एवढं एकच मत माझ्या घरचं आहे. नाही म्हणशील ना?"
म्हटलं, माझ्यावर सोड.

निश्चय: कोणाच्या बोलण्यात यायचं नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार
खासदारांकडून रंगीत पत्रक. पाळण्यात बाळ झोपलंय आणि खाली जमिनीच्या पोटात क्षेपणास्त्र उभं. "तुम्ही झोपा, हे जागं आहे." डोळे भरून आले. खरं म्हणजे मी पहिल्यापासून क्षेपणास्त्राच्या बाजूची. जेवताना यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, "बटाटे इकडे कर."

सॉलवेगला हळूहळू समजावीन. गाई काय, कुठेही चरतात.

कागद छान जाड आहे. फडताळात अंथरला.

८ ऑक्टोबर, रविवार
प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी. तिथे शेतकऱ्यांच्या संघाने दुसरं पत्रक वाटलं. एक गाय आणि तिच्या मागे क्षेपणास्त्राचं टोक. "रशियाने नेम धरला तर तो कोणावर?" गाय अगदी सॉलवेगच्या डॅग्नीसारखी, कपाळावर तसाच पांढरा टिळा. अंगावर काटा आला. तसं पाहिलं तर मी पहिल्यापासूनच विरोधातली.

पाद्रीसाहेबांनी शांततेसाठी प्रार्थना घेतली. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघत मोठ्याने आमेन म्हटलं.

हा कागद पातळ. कोंबड्यांच्या खुराड्यात.

११ ऑक्टोबर, बुधवार
एकट्या माझ्या मताने काय होणार? लोकमत घडवायला हवं. खासदार त्यासाठी छापखान्याला पैसे देतात. मला गरज नाही, आमच्या टेलिफोनच्या लाइनीवर आठ घरं आहेत. तार सगळ्यांची एकच, रिंग ज्याची त्याची वेगळी; आमची दोन लांब, एक आखूड. पण ती वाजली की आठही घरांत रिसीव्हर उचलले जातात. मी स्वतः कधी दुसऱ्यांचं ऐकत नाही. लाइन मोकळी आहे का, तेवढं बघते, कधी कधी अर्धा तास.

बर्निसला फोन लावला. बर्निस पलीकडच्या शेतातली, तिच्याशी माझं काही काम नव्हतं. टक, टक, टक, सगळे आले. मग खणखणीत आवाजात म्हटलं, "विधवेचं कुरण घेऊन देश राखला, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" लाइनीवर कोणीतरी सुस्कारा सोडला. सुस्कारा जमेला धरला.

मग वाटलं, वॉशिंग्टनला आम्ही देशद्रोही वाटायला नको. म्हणून लगेच म्हटलं, "पण रशिया काय विचारून येणार आहे थोडाच?" सॉलवेगच्या शेजारच्या म्हाताऱ्या एल्मरने खाकरून दाद दिली. तीही जमेला.

१४ ऑक्टोबर, शनिवार
मोहीम फत्ते. एल्मर दुकानात म्हणाला, हिल्डा पक्की आपल्यातली. बर्निसने बाकीच्या बायकांना सांगितलं, हिल्डा पक्की आपल्यातली. दोन्ही बाजूंना मी आपली वाटते. हे खासदारांनाही जमलेलं नाही.

सॉलवेगची साय या आठवड्यात आली नाही. गाय आटली असेल.

१७ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी
आला! फोन आला! ॲप्रन काढून, केस सारखे करून मग उचलला.

मुलगी गोड बोलत होती. "बाई, देशाच्या सुरक्षेसाठी तुमच्या भागात क्षेपणास्त्र बसवावं असं तुम्हाला वाटतं का? हो, नाही, की सांगता येत नाही?"

म्हटलं, पोरी, हा इतका सोपा प्रश्न नाही. बायबलातल्या दावीदने गोफणीने राक्षसी गल्याथला लोळवलं, तिथपासून सुरुवात केली. गोफण महत्त्वाची हे खरं, पण दावीद मेंढरंही राखत होता आणि मेंढरांना कुरण लागतं.

"म्हणजे हो की नाही, बाई?"

टक. एल्मर. "अगं हो म्हणून टाक ना! पाल्हाळ कसलं लावतेस?"
टक. बर्निस. "तू मध्ये बोलू नकोस रे थेरड्या! हिल्डा, नाही म्हण!"
"थेरडा कोणाला म्हणतेस? चोरून ऐकतेस ते ऐकतेस!"
"आणि तू काय लाइन पुसायला उचललास होय?"

मुलगी विचारत होती, बाई, तुमच्या घरात किती माणसं आहेत?

मग आणखी एक टक. सॉलवेगचा आवाज. "वहिनी, एकच शब्द आहे गं. बोल."

मी म्हटलं, देशाचं रक्षण तर झालंच पाहिजे, कुरणही राहिलंच पाहिजे, आणि प्रभूच्या कृपेने दोन्ही होईल. याहून स्पष्ट काय बोलायचं? मुलगी म्हणाली, "कळलं बाई, लिहून घेतलं." अगदी मनापासून लिहून घेतलंन् बघा, आवाजावरून कळतं.

दूध तापत ठेवलं होतं, ते करपलं. पण देशाचं काम झालं. सॉलवेगने आभाराचा फोन केला नाही. लाजली असेल.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार
पेपरात निकाल. यांनी मोठ्याने वाचला. हो, शेकडा सेहेचाळीस. नाही, शेकडा सेहेचाळीस. सांगता येत नाही, आठ. आणि खाली खासदारांचं निवेदन: ज्यांनी मत दिलं नाही त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, असं मी समजतो. सबब क्षेपणास्त्राला पाठिंबा.

हे म्हणाले, "हे आठ टक्के ठोंबे कोण गं?"
म्हटलं, असतात काही माणसं, विचारच करत नाहीत.
यांनी पेपर घडी करून ठेवला. मग स्वतःच उठून बटाटे घेतले.

कंपनीला पत्र लिहायला हवं. माझं मत चुकून दुसऱ्याच कोणाच्या खात्यात पडलेलं दिसतं.

४ नोव्हेंबर, शनिवार
कुरणात वायुदलाची माणसं येऊन गेली. खुंट्या ठोकल्यात, वर नारिंगी फिती. डॅग्नीने एक फीत खाल्ली म्हणे. सांगताना हे हसले नाहीत.

फडताळातलं पत्रक काढलं. तेलकट डाग पडलाय, बाळाच्या बरोबर तोंडावर.

सॉलवेगला फोन लावला. तिची रिंग तीन आखूड. टक, टक, टक, लाइनीवरच्या सगळ्यांनी उचलला. सॉलवेगने नाही.

तरी पुन्हा रिंग दिली. शेवटी एल्मरच बोलला, चक्क हळू आवाजात. "ती आहे गं घरी. दिवा दिसतोय मला. काही निरोप असेल तर सांग, उद्या चर्चमध्ये देतो. काय सांगू तिला?"

सगळे ऐकत होते.

मला सांगता आलं नाही.