मरळीची पिल्ले निवडताना

माय,

सावली गावच्या बाजारात तुझ्या शेजारी पोत्यावर बसून मी मासे लांबीप्रमाणे लावत असे, आणि तू एका हाताने तो सगळा क्रम मोडून टाकायचीस. "मासे इकाले बसला का परेड घ्याले?" असे म्हणून मोठ्या मरळीखाली दोन लहान सरकवायचीस. मोठीच्या आडोशाने लहानही विकली जाते, हा तुझा व्यवहार. वाणिज्य शाखेत इतका स्पष्ट धडा मला पुढे मिळाला नाही. "तुह्या हाताले मासोळीचा वास नाई आला पाह्यजे," म्हणून तू मला कॉलेजात घातलेस. तेव्हा आधी हे ऐकून घे: माझ्या हातांना, सदऱ्याला, चष्म्याच्या काड्यांनाही आता तोच वास येतो. आपल्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेने मत्स्यबीज केंद्र काढले आहे आणि मी त्याचा व्यवस्थापक आहे.

गावच्या तलावातली मरळ संपत आली होती. उरलेल्या मोजक्या माशांतून आम्ही यंदा जोड्या आणल्या. त्यांची पिल्ले हातची गेली असती, तर पुन्हा आणायला तिथे फारसे काही उरले नव्हते. अंडी फुटली, तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्यात फिरू लागला, आणि रोहू-कटल्याच्या सवयीने आम्ही सगळी एकाच टाकीत वाढवली. पिल्ले रोज कमी होऊ लागली. मेलेले मात्र एकही सापडेना. कोणी बगळ्याला दोष दिला, कोणी पाणसापाला. मी जाळीचा टाका न् टाका तपासून शिवत होतो. मग एका सकाळी पाहतो, तर एका गुबगुबीत पिल्लाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी वळवळते आहे. टाकीवर काम करणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "चोर तं घरातच हाये, अन् भाऊ जाळी शिवून राह्यले!"

तेव्हापासून रोज निवड. थोरली पिल्ले एका टाकीत, मधली दुसरीत, धाकटी तिसरीत. जे रात्रीतून वाढले, त्याची सकाळी बदली. बाई म्हणाल्या, "भाऊ, यायचे शाळेचे दाखले बी काढता का आता?" मी म्हणालो, "काढले असते, पण जन्मतारीख सगळ्यांची एकच आहे." त्या इतक्या हसल्या की हातातली चाळणी पाण्यात पडली. पिल्ले मात्र घटायची थांबली. मासे लांबीप्रमाणे लावायला मला इतक्या वर्षांनी कोणी आडवे आले नाही, माय, आणि याचा आनंद मी लपवत नाही.

काल ती पिल्ले तलावात सोडली. सगळे गाव काठावर जमले होते. देशी मासा, तलावाचे आरोग्य, ही पिल्ले वाढून विणीला येईपर्यंत कोणीही मरळ धरू नये, असे मी व्यवस्थित मुद्देसूद बोललो. लोकांनी हात वर करून मान्यता दिली. "भाऊ गुरुजीवानी बोलते, आयकाच लागते," बाई म्हणाल्या.

तू गेल्यावर हे पत्र कोठेही जाणार नाही, म्हणून लिहितो. बोलताना माझ्या डोळ्यांपुढे तलावाचे आरोग्य अजिबात नव्हते. जवसाच्या तेलातली, चिंच घातलेली, वरून हिरवा सांभार चिरून पेरलेली तुझी मरळ होती, आणि मला दोनदा आवंढा गिळावा लागला. लोकांना वाटले, भाऊ गहिवरले. बंदी उठेल त्या सकाळी काठावर पहिला मी असेन. पिशवी आत्ताच धुऊन ठेवली आहे.