चकव्याच्या मागावर

१० एप्रिल २०११, रविवार

वर्ल्ड कप जिंकून आठवडा झाला. लोक अजून नाचताहेत, तोवर आयपीएल सुरू. आपल्याला दंगा नको. आपण बुद्धीचा माणूस.

आजपासून पेपरच्या रविवार पुरवणीत नवीन शब्दकोडं. 'संघ ओळखा'. सगळी उत्तरं क्रिकेटच्या संघांच्या नावांतली, पण सूत्रं तिरकी, नुसत्या कोट्या. कोडेकाराचं नाव दिलेलं नाही. टोपणनाव 'चकवा'. सगळं बरोबर सोडवणाऱ्यांची नावं पुढच्या रविवारी छापणार.

संकल्प : पहिल्याच आठवड्यात नाव.

आडवा चार : 'डेक्कनला उतरलात आणि फोनही उतरला? (३)'. चहा निवायच्या आत सोडवला. रिचार्ज. ही (म्हणजे मंदाकिनी) पोळ्या लाटता लाटता म्हणाली, अहो, सूत्र पुन्हा एकदा वाचा. हसलो. हिला क्रिकेटमधलं काय कळतं!

११ एप्रिल, सोमवार

उत्तरं पाठवली. संध्याकाळी कर्वेनगरच्या बागेतल्या कट्ट्यावर सांगून टाकलं, रविवारी पुरवणी बघा. सगळे गप्प झाले. दबदबा.

फक्त ठोंबरे म्हणाले, "काऊन जी परचुरे, सुटलं काय पुरं?" रंगराव ठोंबरे. वीज खात्यातून रिटायर, भंडाऱ्याकडचे, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. भिंतीला भिंत, गॅलरीला गॅलरी. इतकी चौकशी कशाला? नोंद करून ठेवतो.

१७ एप्रिल, रविवार

नाव नाही. आडवा चारचं उत्तर म्हणे 'चार्जर'. हैदराबादचा संघ डेक्कन चार्जर्स. आता रिचार्ज आणि चार्जर यात फरक तो काय? बँकेत तीस वर्षं काढली. असल्या फुटकळ फरकावर मी कधी कुणाचं काम अडवलं नाही. (एकदा अडवलं होतं. पण त्याची सहीच वेगळी होती.)

या आठवड्याचं सूत्र मात्र चमत्कारिक. 'दिवसभर खुर्चीत बसून हुकूम सोडतो. असे अकरा पंजाबात (२)'.

उत्तर सोपं. पंजाब, पंज, पंच. अकरा कसे, हा चकव्याचा प्रश्न.

पण खुर्चीत बसून हुकूम? मी सकाळपासून गॅलरीत खुर्चीत असतो. चहा, पेपर, पंखा, दुसरा चहा. हे कोणाला दिसतं? फक्त ठोंबऱ्यांना.

१९ एप्रिल, मंगळवार

गॅलरीत चादर बांधली. आता बघ म्हणावं. ही म्हणाली, अहो, वारा बंद झाला, जीव उकडून निघतोय. सुरक्षेची किंमत मोजावी लागते, असं मी तिला सांगितलं. ती आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर जाऊन बसली. पुष्करनं, आमच्या मुलानं, हडपसरला नवीन कंपनीत गेल्यावर लॅपटॉप घेतला आणि जुना डबा आईला दिला. दिवसभर टकटक. विचारलं तर म्हणते, रेसिप्या.

मी त्या यंत्राला हात लावत नाही. तत्त्व आहे. बँकेत कॉम्प्युटर आले आणि मी व्हीआरएस घेतली. लोक म्हणाले घाबरला. घाबरलो नव्हतो. शिकायला वेळ नव्हता.

२४ एप्रिल, रविवार

'किंग'. किंग्ज इलेव्हन पंजाब. नाव नाही.

चादर काढली. घामोळं आलं.

नवीन सूत्र मात्र तीनदा वाचलं. 'घोरून घर जागं ठेवतो तो नव्हे. हा रात्री घोड्यावर, कोलकात्याकडे (७)'.

मी घोरतो, हे छापून आलं! पुण्याच्या पेपरात! आमच्या बेडरूमची भिंत ठोंबऱ्यांच्या बेडरूमला लागून आहे. आणखी काय पुरावा पाहिजे?

तरी डोकं थंड ठेवून सोडवलं. आजकाल घोडा म्हणजे बाईक. रात्री बाईकवर कोण? कॉलसेंटरवाला. मोजून सात अक्षरं. कोलकात्याला असतीलच की कॉल सेंटरं.

२६ एप्रिल, मंगळवार

ठोंबऱ्यांकडे गेलो. सरळ विचारायचं नाही, असं ठरवलं होतं. हवापाण्यापासून सुरुवात केली आणि हळूच म्हटलं, आजकाल झोप लागते का हो नीट?

म्हणाले, "मस्त लागते जी! कानातलं मशीन काढून ठेवलं की बॉम्ब फुटला तरी कळत नाही मले."

वर कानातून मशीन काढून दाखवलं. फारच तयारीचं उत्तर. खऱ्या बहिऱ्या माणसाला एवढं पटकन ऐकू येत नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. माझ्या अपमानाचं तिलाही वाईट वाटलं असणार.

१ मे, रविवार

'नाईट रायडर'. नाव नाही. कट्ट्यावर जायचं बंद केलं. ऊन फार आहे. संध्याकाळीसुद्धा.

आता सापळा. बँकेत घोटाळा पकडायची जुनी युक्ती आहे. खोटी बातमी एकालाच सांगायची आणि ती कुठून बाहेर पडते ते बघायचं. उद्या हिला एकटीला सांगणार, माझा सुळा दुखतोय. खिडक्या लावून, हळू आवाजात. बातमी छापून आली, तर भिंतीतून कोणीतरी ऐकतंय हे सिद्ध. मग पोलीस.

सुळा मुळीच दुखत नाही. युक्ती परिपूर्ण.

२ मे, सोमवार

सांगितलं. हिनं लगेच लवंगेचं तेल लावलं. जिभेला भाजलं. रात्री मऊ भात. आमरस बंद. स्वतः दोन वाट्या खाल्ला, माझ्यासमोर. ठीक आहे. शोधकार्यात त्याग आलाच.

३ मे, मंगळवार

मऊ भात.

४ मे, बुधवार

मऊ भात. कण्हायला विसरलो तेव्हा ही म्हणाली, बरं वाटतंय का? लगेच कण्हलो. मग जरा जास्तच कण्हलो. तिनं दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

५ मे, गुरुवार

डॉक्टर म्हणाले सुळा उत्तम आहे, या वयात इतका चांगला सुळा त्यांनी पाहिलेला नाही. अभिमान वाटला. मग म्हणाले, मागची दाढ मात्र पार किडलीय. काढली.

लिहवत नाही.

८ मे, रविवार

आलं! छापून आलं!

'एक सुळा दुखला तर घर डोक्यावर. कोचीत बघा, दोन-दोन सुळे मिरवतात (३)'.

पहिल्यांदा उडी मारली. ती उडी हिरडीला मानवली नाही. पेपर घेऊन ठोंबऱ्यांचं दार वाजवलं. त्यांना दहा मिनिटांनी ऐकू आलं. मी सूत्र पुढे केलं आणि म्हटलं, आता बोला. ते चष्मा लावून वाचत राहिले. म्हणाले, "सुळा म्हणजे? तुमची तर दाढ काढली ना जी?"

दाढ काढल्याचं सगळ्या सोसायटीला माहीत. मी गाल धरून रिक्षातून उतरलो होतो. पण सुळ्याचं ठोंबऱ्यांना माहीत नाही. सुळ्याचं डॉक्टरांना माहीत आणि हिला माहीत. डॉक्टर तर सुळ्याची स्तुतीच करत होते.

म्हणजे ही.

दुपारी चार. आतल्या खोलीत ही फोनवर बोलत होती. हळू. हसत. मी दारामागे. शेवटचं वाक्य स्पष्ट ऐकलं : "नाही हो, त्यांना अजून काही कळलेलं नाही."

चौतीस वर्षांचा संसार. हिनं माझ्याशिवाय कोणाला कधी भाजीचा भावसुद्धा सांगितलेला नाही, असं मी समजत होतो. आणि आता घरातल्या गोष्टी परक्या माणसाला सांगून माझ्यावर हसते. कोण हा चकवा? किती वर्षं ओळख आहे?

कोड्यात मन लागलं नाही. तीन अक्षरी म्हणून 'दातार' लिहिलं आणि ठेवून दिलं.

रात्री जेवलो नाही. भूक होती. हिनं दोनदा विचारलं, दुखतंय का? हो म्हटलं. या वेळी खरं बोललो.

१० मे, मंगळवार

गावात गेलो, पेपरच्या कचेरीत. इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत बसमध्ये वाक्यं पाठ केली. 'आपल्या चकव्याला माझ्यासमोर उभा करा.'

रविवार पुरवणी बघणारी मुलगी पुष्करपेक्षाही लहान. जीन्स. नाव प्रियदर्शनी. मला वाटलं आत कोणीतरी मोठा साहेब असेल. तीच साहेब.

मी म्हटलं, माझ्या घरातल्या खाजगी गोष्टी तुमच्या कोड्यात छापून येतात. चकवा कोण, ते मला कळलंच पाहिजे. तिनं माझं नाव विचारलं. सांगितलं, दिगंबर परचुरे, कर्वेनगर.

ती उठून उभीच राहिली. "अय्या, तुम्ही मंदाकिनीताईंचे मिस्टर! बसा ना काका. ताईंनी सांगितलं की काय शेवटी?"

बसलो. म्हणजे खुर्ची होती म्हणून बरं.

ती बोलतच राहिली. ताई ईमेलनं कोडं पाठवतात, एक चूक नसते. आधी दिवाळी अंकाला पाठवलं होतं, ते इतकं आवडलं की आयपीएलचं काम त्यांनाच दिलं. मग म्हणाली, फक्त एक अडचण आहे काका. कोडं फार सोपं होत चाललंय. वाचकांची पत्रं येतात. मी ताईंना म्हटलं, जरा अवघड करा. तर ताई म्हणतात, थांबा, एकांना अजून एकदाही पूर्ण सुटलेलं नाही. त्यांना सुटू दे, मग करते.

तिनं हसत विचारलं, "कोण हो ते, तुम्हाला माहितीये?"

नाही म्हटलं. चहा मागवला होता. अर्धा टाकून निघालो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घरी आलो तेव्हा ही दारातच उभी. त्या मुलीचा फोन येऊन गेला होता. मी चप्पल काढायला जरा जास्तच वेळ लावला.

विचारलं, मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही लाल पेन घेऊन तपासायला बसला असता. माझा हिशेब तपासता, माझी पत्रं तपासता, भाजीत मीठसुद्धा माझ्याआधी तपासता. एक गोष्ट असू दे म्हटलं, तुम्ही न तपासलेली."

मीठ मी तपासतो, हे खरं आहे.

थोड्या वेळानं विचारलं, पण क्रिकेट तुला कुठून कळतं? म्हणाली, "तुम्ही मॅच लावता आणि पाचव्या ओव्हरला झोपता. पुढची मीच बघते."

"आणि ते घोरण्याचं? ते कशाला घातलंस?"

"तुम्हाला नक्की सुटेल म्हणून."

मग तिनं फ्रिजमधून आमरस काढला आणि वाटी माझ्यासमोर ठेवली. भरलेली. मी म्हटलं, टस्कर ना? कोची टस्कर्स? ती म्हणाली, हो. इतक्या आनंदानं म्हणाली की मी वाटीत बघून आमरस खात राहिलो.

उत्तर मला बसमध्ये मागच्या सीटवरच्या माणसानं सांगितलं होतं. ते मी सांगितलं नाही. ती विचारती तर सांगितलं असतं.

१५ मे, रविवार

नाव नाही. पण आज पुरवणीतल्या तळटीपेतला नियम नीट वाचला. बारीक टाइप. 'कोडेकाराच्या जवळच्या नातेवाइकांना भाग घेता येणार नाही.'

म्हणजे मी हरत नव्हतोच! अपात्र होतो. पहिल्या दिवसापासून. अपात्र माणसाचं नाव छापणार कसं?

कट्ट्यावर गेलो. ऊन कमी झालंय. सगळ्यांना समजावून सांगितलं की कोडेकार माझ्याच घरातला असल्यामुळे माझा नाइलाज आहे. माझ्याकडे कोणी बघितलंच नाही. सगळे म्हणाले, वहिनी? त्या चकवा? ठोंबरे तर तडक घरी येऊन हिला म्हणाले, "वहिनी, ते सुळ्यावालं लई भारी होतं! मी क्रिकेट पाहत नाही, पण एका झटक्यात सुटलं."

ते गेल्यावर मी हिला म्हटलं, बहिऱ्या माणसाला सुटतं म्हणजे खरंच फार सोपं आहे. ती म्हणाली, कोडं कानानं सोडवत नाहीत.

२९ मे, रविवार

आयपीएल काल संपली. पेपरनं हिला वर्षभर दर रविवारचं कोडं दिलं. फुटबॉल, हॉकी, कबड्डी, सगळे संघ घ्या म्हणाले. पुष्कर पेढे घेऊन आला. आईसाठी.

मलाही जबाबदारीचं काम मिळालं आहे. कोडं कचेरीत जाण्याआधी पहिल्यांदा मी सोडवून बघायचं. हीच म्हणाली, तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार नाही. पद्धत अशी, की मला जी सूत्रं सुटतील, ती फार सोपी समजून ही काढून टाकणार. म्हणजे शेवटचा शब्द माझा. बँकेतसुद्धा इतका अधिकार नव्हता.

आज पहिलं कोडं. सकाळी चहा झाल्यावर खुर्ची गॅलरीत टाकून बसलो. आडवा एक : 'रोज कानाशी युद्ध; पुण्यात यंदाच भरती (४)'. मी आतल्या खोलीकडे बघून म्हटलं, बायको. आतून आवाज आला, "तीन अक्षरं होतात. वॉर, इअर. वॉरिअर. आपला पुण्याचा संघ."

हे तिनं सांगितलं, म्हणजे मला सुटलं असं धरता येत नाही. सूत्र राहू दे, म्हणाली.

जेवण झालं. पुन्हा बसलो. पेन्सिलीला टोक केलं. दुपारचा चहा झाला. दिवे लागले तेव्हा ती आली, माझ्या हातातून कागद घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला आणि तसाच कॉम्प्युटरवर चढवायला घेऊन गेली.

आज तिनं एकही सूत्र काढलं नाही.