डोबुरॉनचं शुद्धीकरण

१४ जानेवारी, मंगळवार
आज आयुष्याला दिशा मिळाली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वयस्कर चालकांचा वर्ग माझ्या गळ्यात. सात म्हातारे. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबण्याचे पाच प्रकार. दिवसभर दुसऱ्यांसाठी ब्रेक मारून माझी पोटरी दगड झालीय. शेवटचे उएझुमी म्हणून एक, वय एक्क्याऐंशी. फॉर्मसाठी पूर्वीचा व्यवसाय विचारला, तर म्हणाले, "राक्षस."
म्हटलं, मस्करी नको, पाच वाजत आलेत. तर शांतपणे म्हणाले, "डोबुरॉनच्या आत मीच होतो हो."
डोबुरॉन! गटारातून वर आलेला, पन्नास मीटर उंच! सहा वर्षांचा असताना सिनेमाच्या पडद्यावर त्याला पाहून मी खुर्चीखाली गेलो होतो. पेन हातातून पडलं. वय झालं म्हणून ते लायसन्स परत करणार आहेत म्हणे. मी त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. शेवटी त्यांनीच सोडवून घेतला.
संकल्प: २३ मार्चला त्यांचा वाढदिवस. तोवर 'डोबुरॉन' नव्याने एडिट करून मोहल्ल्याच्या हॉलमध्ये त्यांना दाखवायचा. मूळ सिनेमा चौऱ्याऐंशी मिनिटांचा, त्यात राक्षस जेमतेम एकोणीस. बाकी सगळा वेळ माणसं बोलतात. पन्नास वर्षांत हे कुणाला खटकलं नाही. मला खटकलं.

१५ जानेवारी
थकवा. उद्यापासून.

१९ जानेवारी, रविवार
सुरुवात दणक्यात. मंत्र्यांची बैठक उडवली. शास्त्रज्ञ उडवला. शाळेतल्या मुलांचं गाणं तर आनंदाने उडवलं. साएकोला दाखवलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "अहो, पण मग त्याला मारतं कोण?" म्हटलं, कुणीच नाही, तो आपणहून निघून जातो. म्हणाली, "का?"
बायकोला पहिल्या टप्प्यात काही दाखवायचं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
चिहारुला फोन. पोरगी ॲनिमेशन स्टुडिओत आहे. कलेची ओढ माझ्याकडून आली. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढते. मी सांगितलं, डोबुरॉनच्या तोंडातली जुनी आग गॅसच्या शेगडीसारखी दिसते, तू नवी काढून दे. फक्त चाळीस सेकंद.
तिने विचारलं, "बाबा, चाळीस सेकंदांची चित्रं किती होतात, माहितीये?"
म्हटलं, चाळीस असतील.
ती म्हणाली, "या आठवड्यात मी एका मुलीचे केस वाऱ्यावर उडवतेय. फक्त केस. मनगटाला पट्टा बांधलाय." मी तिला पेन्सिल कशी धरावी यावर थोडं मार्गदर्शन केलं. तेवढ्यात फोन कटला. नेटवर्कचा काही भरवसा नाही.

९ फेब्रुवारी
लांबी एक्कावन्न मिनिटं. डोळे चुरचुरतात.

१६ फेब्रुवारी
चौतीस. आज नियम केला: जिथे माणूस दिसेल तिथे कात्री. विचार करायचा नाही. विचाराने वेळ जातो.

२२ फेब्रुवारी
ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एका शिकाऊ बाईंनी कुंपणावर गाडी घातली. मी ब्रेक दाबला नाही, कारण मनात एडिटिंग चालू होतं. साहेब म्हणाले, "हातानाका, तुमचं लक्ष असतं कुठे?" सांगून कळलं नसतं.

२ मार्च, रविवार
संदर्भासाठी उएझुमींकडे. एकटेच राहतात. चहा आणि उकडलेलं रताळं. डोबुरॉनच्या त्या जड, दुःखी चालीमागचं तत्त्वज्ञान मी त्यांना समजावून सांगितलं. शहराचं पाप वाहणारा जीव वगैरे. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "पोशाख सत्तर किलोचा. घाम खाली बुटात साचायचा. पाय उचलला की डचमळायचं."
फार विनयशील माणूस.
निघताना म्हणाले, सिनेमा आला तेव्हाच पाहिला होता, त्यानंतर योग नाही. तेवीस तारखेसाठी कोट धुवायला टाकलाय. हे ऐकून थोडं दडपण आलं. पण चांगलं दडपण.

१५ मार्च
सतरा मिनिटं. म्हणजे मूळ राक्षसापेक्षाही दोन कमी. काही ठिकाणी तो जरा माणसासारखा वाटत होता. चिहारुकडून आग आलेली नाही. हरकत नाही. आग प्रेक्षकांनी मनात पाहावी.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळ
नीट लिहून ठेवतो.
हॉलमध्ये नऊ जण. साएकोने केक आणला. चिहारु महिन्यातली एकुलती सुट्टी खर्चून आली, डोळ्यांखाली काळं. उएझुमी पहिल्या रांगेत, कोटात. मी दहा मिनिटं प्रास्ताविक केलं. साएकोच्या मते पंचवीस.
सिनेमा सुरू झाला. सतरा मिनिटांनी संपला. दिवे लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण संपला असं कुणाला वाटलंच नाही. उएझुमी पडद्याकडे बघत बसलेले. मग मागे वळून अगदी हळू म्हणाले, "आमची फुसाए कुठंय?"
मी म्हटलं, कोण फुसाए?
"आमची मंडळी. बाजारातनं लोक पळतात बघा, त्यात ती कांद्याची पात घेऊन पळते. चप्पल निसटते, ती घ्यायला मागे फिरते. चार सेकंद असेल." फोटो आहेत म्हणाले, पण हलताना ती तेवढीच आहे. जाऊन सहा वर्षं झाली.
मी एडिटिंगच्या लयीविषयी बोलायला तोंड उघडलं. चिहारु म्हणाली, "बाबा, गप्प बसा." लहानपणापासून ती मला असं कधी बोलली नव्हती. साएकोकडून घराची किल्ली घेतली, सायकलवरून गेली आणि वीस मिनिटांत मूळ डिस्क घेऊन आली, धापा टाकत. तेवढ्या वेळात आम्ही केक खाल्ला. माझ्याशेजारी कुणी बसलं नाही, जागा भरपूर होती म्हणून असेल.
मग पूर्ण सिनेमा. मंत्र्यांच्या बैठकीला लोक हसले. मुलांचं गाणं सगळ्यांना पाठ! शास्त्रज्ञ मेला तेव्हा साएको रडली. आणि बाजार आला. ती आली, पळाली, चप्पल निसटली, मागे वळली. उएझुमी म्हणाले, "पुन्हा." चिहारुने मागे घेतलं. "पुन्हा." अकरा वेळा. कुणी कुरकुर केली नाही.
त्या दृश्यात डोबुरॉनचा फक्त पाय आहे. मला वाटलं, निदान तो तरी त्यांचा. विचारलं. म्हणाले, "छे! मला ताप होता त्या दिवशी, दुसऱ्याला घातलं होतं आत. मी कॅमेऱ्यामागे घोंगडी पांघरून बसलेलो. म्हणून तर ती दिसली. पोशाखातून काही दिसत नाही हो, दोन भोकं असतात नुसती."
परतताना चिहारु गाडीत झोपली. तिची मनगटं मी आज पहिल्यांदा नीट पाहिली. दोन्हींना पट्टे.

२४ मार्च
काही लिहिण्यासारखं नाही.

३० मार्च, रविवार
उएझुमींना पाठवण्यासाठी सुधारित आवृत्ती करायला बसलो. ठरवलं, फक्त चार सेकंद परत घालायचे. घातले. पण ती का पळते, हे कळायला आधीचा इशारा हवा. इशारा देतो तो मंत्री. मंत्र्याला शास्त्रज्ञ सांगतो. शास्त्रज्ञाची मुलगी शाळेत गाते. दुपारपर्यंत सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. एकालाही आत घ्यायला त्रास झाला नाही. जागा जणू तशाच राखून ठेवल्या होत्या. मूळ सिनेमाच झाला.
मान आखडली आहे. दहा आठवडे गेले.
तरी केलेल्या कामाची नोंद राहावी म्हणून शेवटी पाच सेकंद काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'संकलन: हातानाका इसामू' एवढं घातलं. साएकोला बोलावलं. तिने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "तुमच्या इसामूचं चित्राक्षर चुकलंय. उच्चार तोच, पण कॉम्प्युटरने दुसऱ्याच इसामूचं घेतलंय." आणि मग, अगदी सहज, "हा कोण?"