टिचकीचा ताबा

मी, खाली सही करणारी, धंद्याने लहान मुलांच्या गोष्टी लिहिणारी बाई, नवऱ्यामागे एकटी राहणारी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दाबाखाली न येता आणि कुणाच्या गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसांबद्दल त्यांनी काही लिहून दिलेलं नाही, पण तोंडी सांगितलं ते मला पुरेसं कळलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कुणी म्हणालं तर तो माणूस खोटारडा समजावा.

वकीलबाईंनी एका पानाचा मसुदा टाइप करून आणला होता. "मावशी, यात एवढं बोलायचं नसतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नंतर मला कोण बोलू देणार आहे? मग त्यांनी मसुदा घडी करून पिशवीत टाकला आणि पेन माझ्या हातात दिलं.

हे सगळं मी मुख्यतः टिचकीसाठी करते आहे. टिचकी म्हणजे माझ्या सगळ्या पुस्तकांतली सात वर्षांची मुलगी, जी घरातून निघते आणि भटकत राहते. माझ्यामागे तिचं काय करायचं, एवढाच खरा प्रश्न आहे. बाकीची कलमं लवकर उरकते.

कलम पहिले. माझी राहती दोन खोल्यांची जागा माझ्या एकुलत्या हयात वारसाला, म्हणजे माझ्या मुलाला द्यावी. तो लिफ्ट दुरुस्त करतो. या जागेतली प्रत्येक कडी, नळ आणि बिजागरी त्यानेच कधी ना कधी खोलून परत बसवली आहे, तेव्हा जागा एका अर्थी त्याचीच आहे. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही त्याचंच. त्याने ती जागा विकली तरी मला वाईट वाटायचं कारण नाही, कारण मी नसेन.

कलम दुसरे. माझा नवरा शिंपी होता. त्याचं कापड बेतायचं लांबरुंद टेबल मी लिहायला वापरत आले. ते खाली कोपऱ्यावर इस्त्री करणाऱ्या बाईला द्यावं. तिचं टेबल एका पायाने लंगडं आहे आणि त्याखाली ती विटेचा तुकडा सरकवते. कोणाच्या शर्टाची कॉलर आधी झिजते, कोणाच्या खिशात काय विसरलेलं सापडतं, हे ती इस्त्री फिरवता फिरवता सांगायची आणि मी वर येऊन लिहून काढायची. 'खिशातलं गाव' हे पुस्तक निम्मं तिचं आहे. तिला मी तसं म्हटलं होतं. ती म्हणाली, "माझं निम्मं नको, तेवढं टेबल ठेवा माझ्यासाठी." ते टेबल पुसून द्यावं, पण खडूच्या रेघा घासून काढू नयेत. त्या नवऱ्याच्या आहेत आणि मुलगी गेल्यावर तो बोलला त्यापेक्षा जास्त त्या टेबलावर लिहिलेलं आहे.

कलम तिसरे. माझं कानाचं यंत्र थोरल्या नणंदेला द्यावं. तिचे कान ठणठणीत आहेत. पण मला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा भरल्या घरात ती म्हणाली होती, "मेलेल्या पोरीवर पुस्तकं खपवते." ते मला यंत्राशिवाय ऐकू आलं. आता तिने थोडं दुसऱ्यांचं ऐकायची सवय लावून घ्यावी.

कलम चौथे. माझी कात्री चित्रकाराला. त्याने टिचकीला दोन लांब वेण्या काढल्या. तापात तिचे केस कापावे लागले होते, अगदी मुळापासून. मी त्याला म्हटलं, केस बारीक ठेवा. तो म्हणाला, "बाई, मुलगी मुलीसारखी दिसायला नको का?" तेव्हा माझ्यात भांडायची ताकद नव्हती. गावोगावच्या मुलांना ती वेण्यांचीच माहीत आहे, पण कात्री त्याला पोचवावी.

कलम पाचवे. आता टिचकी.

ती माझी धाकटी मुलगी. दादाच्या कानावर टिचकी मारून पळायची, म्हणून त्यानेच ते नाव ठेवलं. सातव्या वर्षी ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि ती गेली. घरच्यांखेरीज हे फारसं कुणाला माहीत नाही. मी कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही. 'टिचकी कशी सुचली' असं विचारलं की मी म्हणायची, अशीच, चालता चालता.

ती अशी सुचली. ती गेल्यावर मी जेवत नव्हते, बोलत नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. दादा तेव्हा नऊ वर्षांचा. एका संध्याकाळी तो दप्तर टाकून माझ्या पायाशी बसला आणि त्याने विचारलं, "आई, आज टिचकी कुठे आहे?"

मला वाटलं पोराला कळलेलंच नाही. त्याला कसं सांगू? समोर गॅलरीतून पाण्याची टाकी दिसत होती. मी म्हटलं, टाकीच्या तळाशी गेली आहे, तिथे एक म्हातारा मासा शाळा चालवतो. "मग?" तो म्हणाला. मग मला उठून बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. रोज विचारायचा. मी दिवसभर काहीतरी शोधत राहायची, त्याला संध्याकाळी सांगायला. इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तर तिथे टिचकीचं एक अख्खं राज्य निघालं. नवऱ्याचा बटणांचा डबा सांडला, तर तिचं सैन्य झालं. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ती पुढे निघून जायची, कारण घरी आणता येत नव्हती. लोक याला माझी शैली म्हणतात. परीक्षकांनी त्यावर भाषणं केली आहेत.

गोष्टी छापायच्या ठरल्या तेव्हा मी दादाला म्हटलं, तुलाही घालते तिच्याबरोबर. तो चटकन म्हणाला, "मला नको." मी खूप समजावलं. तो ऐकेना. म्हणून पुस्तकांत टिचकीला भाऊ नाही. आईने मुलाला वगळलं, असं नातेवाईक आजही म्हणतात. त्यांनी हे कलम दोनदा वाचावं.

पहिलं पुस्तक बाहेर आलं आणि त्याने विचारणं बंद केलं. मला वाटलं, विसरला. मुलं विसरतात.

आता कंपनीचं. जुने प्रकाशक वारले, त्यांचा जावई गादीवर बसला. गेल्या महिन्यात तो मला बघायला आला, फळांची करंडी आणि चित्रांची गुंडाळी घेऊन. चित्रांत टिचकी बारा वर्षांची, हातात मोबाइल. 'टिचकी मोठी झाली' अशी पुस्तकांची मालिका काढायची आहे, लिहायला तीन जण तयार आहेत, फक्त हक्काच्या कागदावर सही हवी. मी म्हटलं, ती मोठी होत नाही. तो हसून म्हणाला, "अहो, पोरं मोठी होतातच ना, मावशी." मी म्हटलं, सगळी नाही. त्याला काही कळलं नाही. तुमच्या मुलाशी बोलतो, असं म्हणून तो उठला. फळं मी शेजारी दिली.

मला धास्ती बसली. मी मेल्यावर तीन अनोळखी माणसं माझ्या पोरीला हाताला धरून कुठेही नेणार. आणि मुलगा काय करेल, मला माहीत नव्हतं. त्याने माझं एकही पुस्तक वाचलेलं नाही असंच मी धरून चालले होते.

परवाच्या रविवारी तो नळाचा वायसर बदलायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो मोरीपाशी उकिडवा बसला होता, पाठ माझ्याकडे. पान्हा फिरवायचा थांबला.

"आई, आता पुरे," तो म्हणाला.

मी विचारलं, काय पुरे?

"गोष्टींतून तिला कुठे कुठे न्यायचं. ती गेली हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाबांनी मला बरोबर नेलं होतं. मातीत ठेवताना मी पाहिलं."

मी म्हटलं, अरे, मग रोज विचारायचास कशाला?

"तू उठून बसायचीस म्हणून. गोष्ट सांगून झाली की दोन घास खायचीस."

मग विचारलं, पुस्तकात का येत नव्हतास?

"दोघंही बाहेर गेलो असतो तर तुझ्याजवळ घरी कोण?" तो म्हणाला, आणि पान्हा पुन्हा फिरवू लागला. "पुस्तक आल्यावर बाकीची पोरं विचारायला लागली. मग माझी सुटका झाली."

इतकी वर्षं मी समजत होते की मी त्याला सांभाळलं. मी फार रडले. तो नळ बसवून, हात पुसून, माझ्याजवळ येऊन बसला.

म्हणून कलम सहावे, आणि हेच शेवटचं. टिचकीच्या सर्व पुस्तकांचे, नावाचे आणि चित्रांचे हक्क माझ्या मुलाचे. कोणतीही अट नाही. कंपनीला काय सांगायचं ते त्याने मला सांगितलं आहे, ते असं. जुनी पुस्तकं आहेत तशी निघत राहावीत. नवीन एकही नाही. यापुढच्या प्रत्येक आवृत्तीत, शेवटच्या गोष्टीनंतर, वेगळ्या पानावर, मोठ्या अक्षरात पुढील मजकूर छापावा. मुलांना हे झेपणार नाही असं कंपनी म्हणेल. मुलांना झेपतं. मी एका नऊ वर्षांच्या मुलाच्या घरात राहिले आहे.

मजकूर असा:

'टिचकी सात वर्षांची असताना तापाने वारली. तिचे केस बारीक होते. ती कुठेही गेलेली नाही. तिला एक दादा आहे, तो घरीच होता.'

वरील सर्व मी वाचून पाहिलं, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

लिहून ठेवणार: टिचकीची आणि तिच्या दादाची आई (सही)

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली:
१. माझे डॉक्टर (सही)
२. समोरच्या खोलीतले शिकवणीचे मास्तर (सही)

ठिकाण: राहत्या घरी, खिडकीजवळची खाट.
तारीख: एवढं लिहून हात दुखल्याने डॉक्टरांनी घातली आहे, ती बरोबर आहे.