रविवारी समुद्रात कोण उतरलं?

कोलोताहा,
९ मार्च

चि. पोआसी यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि. आज आशीर्वाद लिहिताना हात आखडतोय, पण मोठी बहीण म्हणून द्यावेच लागतात.

इथे राख पडायची थांबली. समुद्रातला डोंगर फुटला त्या सोमवारपासून शाळेच्या टाकीत नुसता चिखल आहे. म्हणून शाळा बंद आणि मुलं माझ्या स्वयंपाकघरात: तुझी लेक पिसिला आणि शेजारची दोन. जन्मभर शाळेत शिकवलं, आता घरी शिकवते. म्हटलं, एवढा डोंगर फुटलाय तर पृथ्वीच शिकवू. नीरफणस उभा कापला. साल म्हणजे आपण राहतो ते कवच, गर म्हणजे आतला तापलेला खडक, मधला दांडा म्हणजे गाभा. आपल्या बेटांखाली कवचाचा एक तुकडा दुसऱ्याच्या खाली घुसतो, तिथला खडक वितळतो आणि वाट मिळेल तिथून वर येतो, हेही सांगितलं. शेजारच्या पोरांनी नंतर ती पृथ्वी भाजून खाल्ली.

अशी छान घडी बसत होती, आणि काल संध्याकाळी रेडिओवर तुझं प्रवचन! कोणीतरी पवित्र वार मोडला, रविवारी समुद्रात उतरलं, म्हणून समुद्र पेटला म्हणे. अरे, बोलताना जीभ कशी अडखळली नाही तुझी? मी आठवडाभर घसा फोडायचा आणि तू एका प्रवचनात सगळ्यावर बोळा फिरवायचा! शेजारीण आज दारात येऊन विचारते, तुमचं खरं धरायचं की पाद्रीबुवांचं?

पिसिलाचं काय बिनसलंय कळत नाही. काल रात्रीपासून जेवली नाही. किनाऱ्याकडे फिरकत नाही, धड्याला बसली तरी मान खाली. तू तिला काही लिहिलं होतंस का?

तुझ्या बायकोला, मालियाला, आशीर्वाद. माझा लोभ आहेच, सध्या रागाखाली दबलाय.

तुझी,
लोसालीताई


नुकुआलोफा,
१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र बोटीने मिळालं. मालियाने मोठ्याने वाचलं आणि मधे मधे हसली, ते मला आवडलं नाही.

ताई, तुझा शब्द मी कधी खाली पडू दिलाय का? तू पिसिला मागितलीस, मी दिली. पण प्रवचन हे माझं काम आहे. माणसं रडत आली होती गं. कोणाची होडी गेली, कोणाचं छप्पर गेलं. त्यांनी विचारलं, असं का झालं? त्यांना काय नीरफणस कापून दाखवू? त्यांना कारण हवं होतं, ते मी दिलं. मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. ज्याने कोणी केलं असेल त्याने चारचौघांत उभं राहून कबूल करावं, म्हणजे त्याचंच मन हलकं होईल. तू मुलांना दगडधोंडे जरूर शिकव. देवाचं मात्र माझ्याकडे राहू दे.

पिसिलाला मी काही लिहिलेलं नाही. मुली वाढीला लागल्या की असं होतं. तिला नारळाच्या दुधातली मासळी करून घाल.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
पोआसी


कोलोताहा,
२३ मार्च

पोआसी,
आशीर्वाद पुढच्या पत्रात, मिळाले तर.

तुझा गुन्हेगार सापडला. वय नऊ, पुढचा एक दात पडलेला, आणि नावापुढे तुझं नाव लावते.

तुझ्या पत्राने माझं डोकं असं फिरलं की मी ते मुलांसमोरच मोठ्याने वाचत सुटले. "उभं राहून कबूल करावं" इथवर आले, आणि आपली पिसिला उभी राहिली. हात बांधून, चर्चमध्ये राहते तशी.

डोंगर फुटायच्या आदल्या दिवशी, रविवारी, डुकरं ओहोटीत खडकांवर शिंपले खायला गेली होती. भरती आली तशी सगळी परतली, एक पिल्लू तिकडेच अडकलं. मी झोपले होते. पोरगी छातीएवढ्या पाण्यात शिरली आणि त्याला घेऊन आली. दुसऱ्या दिवशी आभाळ काळं झालं. आणि पुढच्या रविवारी रेडिओवर बापाचा आवाज! तेव्हापासून त्या होड्या, ती छपरं, सगळं हे लेकरू एकटं डोक्यावर घेऊन बसलंय. काल मला विचारते, "आत्या, मला समुद्राला देऊन टाकलं तर तो शांत होईल का?" वाचलंस नीट? पुन्हा वाच. मालियालाही वाचून दाखव, बघू आता हसते का.

मी तिला उचललं आणि मागच्या मळ्यात नेलं. याम कंद लावायला खड्डा खणायचाच होता, तो आम्ही खणत खाली नेला. वर परवाची राख. खाली माती. त्याखाली पुन्हा राखेचा करडा पट्टा. पुन्हा माती, पुन्हा पट्टा. तिलाच बोट लावायला सांगितलं. म्हटलं, हा खालचा पट्टा पडला तेव्हा इथे चर्च नव्हतं, पाद्री नव्हता, आणि रविवारही नव्हता. तो गोऱ्यांच्या जहाजातून फार मागाहून आला. मग तेव्हा कोणाचं पिल्लू अडकलं होतं? ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. म्हणाली, "पण बाबा खोटं नाही बोलत." यावर मी काय सांगू, ते तूच सांग.

आता ऐक. मी तिची आत्या आहे. आपल्यात आत्याचा शब्द बापाच्या वर असतो, हे तुला मी शिकवायला नको. तू त्याच रेडिओवर सांगायचं, की डोंगर कशाने फुटला हे मला ठाऊक नव्हतं आणि तरी मी बोललो. तिला एकटीला गोड पत्र लिहून भागायचं नाही. सगळ्यांसमोर बोललास, सगळ्यांसमोर परत घे.

लोसाली


नुकुआलोफा,
३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. परवा रविवारी रेडिओवर बोललो. तू सांगितलंस तेच, तुझ्याच शब्दांत, कारण मला दुसरे सुचेनात. चर्चचे वडीलधारे आधीही अडवत होते, नंतर एकही हात मिळवायला आला नाही. मला दूरच्या बेटावर पाठवायचं चाललंय. पाठवू देत.

ती जेवली का, एवढंच कळव.

पोआसी


कोलोताहा,
६ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. आत्याने पत्राची सुरुवात अशीच करायला सांगितली. पुढचं मी माझं लिहिते.

मी रेडिओ ऐकला. सगळ्या गावाने ऐकला. आत्या म्हणाली, बरं बोलला, पण उशिरा बोलला. मी जेवते. सोमवारी मी समुद्रात गेले, गुडघ्यापर्यंतच.

मला एक विचारायचं होतं. आत्या म्हणाली की डोंगर आधीही फुटलेला आहे, तेव्हा मी विचारलं, तुला कसं कळलं? तर तिने खणून दाखवलं. तुम्ही पहिल्यांदा म्हणालात की कोणीतरी पाण्यात उतरलं म्हणून झालं, ते तुम्हाला कसं कळलं होतं? आत्याला विचारलं तर ती म्हणाली, बापालाच विचार. म्हणून विचारते.

पुढच्या बोटीने उत्तर पाठवा. लोभ असू द्या, माझाही आहे.

तुमची,
पिसिला